तेवीस साते

अध्यक्षांनी विचारलं ते अगदी सहज. परिपाठ संपत आला होता, प्रतिज्ञा झाली होती, आणि मस्तगडच्या बाजूनं कुणाच्या तरी दुकानाचं शटर वर जाण्याचा खरखराट येत होता. संस्थेचे नवे अध्यक्ष पहिल्यांदाच शाळेत आले होते. त्यांनी पोरांना पाढे विचारले, पोरांनी खणखणीत सांगितले, अध्यक्ष खूश झाले. आणि त्या खुशीतच, माणूस पानाचं तबक शेजारच्याकडे सरकवतो तसा, त्यांनी प्रश्न शिक्षकांच्या रांगेकडे सरकवला. "आता जरा गुरुजनांना विचारू. काय मॅडम? गणित तुमच्याकडंच ना? सांगा बरं, तेवीस साते?" पोरं हसली. साधनाही हसली. हसता हसताच तिनं नेहमीप्रमाणे आत काम सुरू केलं. वीस साते एकशे चाळीस. ते तिनं एका बाजूला ठेवलं आणि तीन साते आणायला गेली. तीन साते एकवीस. एकवीस घेऊन परत आली तर एकशे चाळीस जागेवर नव्हते. ठेवले होते ती जागा होती, तिथं काहीतरी ठेवलं होतं हेही कळत होतं, पण तिथं आता नुसती शाळेच्या पटांगणावरची माती होती, आणि तीनचारशे पोरांचे डोळे. तिनं पुन्हा वीसपासून सुरुवात केली. तोवर एकवीस सांडले. अध्यक्षांच्या भुवया थोड्या वर गेल्या. "एकशे…" ती म्हणाली, आणि थांबली, आणि थांबणं फार लांबलंय हे कळून घाईनं म्हणाली, "एकशे एकावन्न." सहावीच्या रांगेतून एक पोरगा ओरडला, "एकसष्ट!" मग सगळं पटांगण हसलं. अध्यक्षही हसले, वाईट हेतूनं नाही. "राजानंद सर," ते मुख्याध्यापकांकडे वळून म्हणाले, "तुम्ही सांगत होता ते पाढ्यांचं कार्ड पोरांच्या आधी मॅडमला द्या."

बँड वाजला आणि रांगा वर्गाकडे निघाल्या. साधना खडूची डबी छातीशी धरून उभी होती. तिचे कान गरम झाले होते आणि पायांत एक विचित्र हलकेपणा आला होता, जसा जिना संपला असं वाटून पाय टाकावा आणि खाली अजून एक पायरी निघावी. तिच्या मनात जे चाललं होतं त्याला अपमान म्हणता आलं असतं, पण अपमान तिच्या ओळखीचा होता आणि हे तसं नव्हतं. ही भीती होती. चाळीस वर्षं वयाची बाई, दोन पदव्या, गणिताची शिक्षिका, आणि भीती मात्र आठ वर्षांच्या पोरीची, जशीच्या तशी, एकही घडी न मोडता ठेवलेली. आज कुणीतरी ती उचलून झटकली होती.

मधल्या सुट्टीत राजानंद सरांनी बोलावलं. ते चांगले गृहस्थ होते, कुणाला दुखवायचं म्हटलं की आधी चहा मागवायचे. "मॅडम, मनावर घेऊ नका. होतं असं. पण ते कार्डाचं बघा जरा. साहेब म्हणाले, त्यानं पोरं पांगळी होतात."

"सर, चष्मा लावला म्हणून डोळे पांगळे होतात का?"

"चष्म्याचं येगळं आहे. चष्मा डॉक्टर देतो." सरांनी बशीत चहा ओतला. "त्या पोरीचं, छकुलीचं, काही सर्टिफिकेट आहे का? सरकारी दवाखान्याचं? न्हाई ना? मंग आपण कोण ठरवणारे? उद्या दुसरा बाप येऊन म्हणंल, माझ्या पोराला बी पाढे बघून लिहू द्या. कार्डं काढून घ्या. शांततेत घ्या, बोभाटा नको."

सर्टिफिकेट नव्हतं, कारण छकुलीच्या बापानं, रायभाननं, तपासणीला न्यायला साफ नकार दिला होता. रायभान लोखंडाच्या कारखान्यात भट्टीवर होता. त्याचा बाप अंबडकडे मेंढरं वळायचा, हा शहरात आला आणि धुरात राहिला. पालकसभेला आला तेव्हा साधनानं त्याला बाजूला घेऊन समजावलं होतं की पोरगी हुशार आहे, फक्त तिला लक्षात राहत नाही, मोठ्या दवाखान्यात दाखवलं तर परीक्षेत सवलत मिळेल. रायभाननं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मॅडम, पोरगी येडी न्हाई आमची. उद्या सोयरीक करायची हाये तिची. कागदावर येडी म्हणून लिवून घेऊ का?" कागद नसेल तर मदत नाही, आणि कागद केला तर पोरगी कागदावरची होते. या दोन्हींच्या मधे जी चिंचोळी जागा उरते, तिच्यात साधनानं ते कार्ड ठेवलं होतं. बाकावर चिकटवलेला पाढ्यांचा एक तक्ता. बस, एवढंच.

शाळा सुटल्यावर ती रिक्षा न करता चालत निघाली. रस्त्यात कुठल्याशा दुकानासमोर पाण्याचा टँकर उभा होता आणि बायका भांड्यांवरून भांडत होत्या. त्यातली एक बाई सारखी म्हणत होती, "माझा नंबर कुठं गेला? आत्ता होता इथं." साधनाला वाटलं, आपणही तेच म्हणायला हवं होतं. आत्ता होता इथं. ठेवला होता मी. पण हे कुणाला सांगता येत नाही. पाय मोडला तर प्लास्टर दिसतं, ताप आला तर अंग पोळतं. पण आत ठेवलेली गोष्ट जागेवर राहत नाही हे दाखवणार कसं? दाखवायला गेलं की जे दिसतं त्याला लोक दोनच नावं देतात, एक मठ्ठ आणि दुसरं आळशी. तिचे वडील, काकासाहेब, पहिलं नाव वापरायचे. मंठ्याजवळच्या गावात त्यांची काळी कसदार जमीन होती, ओसरीवर माणसांची उठबस होती, आणि मुलगी असली तरी हिशेबात मुलासारखी पक्की असल्याचं चारचौघांत दाखवायची त्यांना हौस होती. पाहुणे आले, पाट मांडले, पहिला घास घेतला की हाक यायची, "साधे, इकडं ये. सांग पाहुण्यांना, सात आठे?" ती दारात उभी राहायची. आत सगळं सांडलेलं असायचं. ओसरीवर शांतता पसरायची, पाहुण्यांचे हात ताटात थांबायचे, काकासाहेबांची मान हळूहळू वळायला लागायची, आणि नेमकं तेव्हा आत स्वयंपाकघरात काहीतरी धाडकन पडायचं. ताट, तांब्या, एकदा तर अख्खी कढई. "काय पाडलं गं?" काकासाहेब ओरडायचे, पाहुणे हसायचे, आणि त्या गोंधळात साधनाला श्वास मिळायचा: पाच साते पस्तीस, तीन साते एकवीस, आणि ती ओरडायची, "छप्पन्न!" सगळ्या भावकीत ठरून गेलं होतं की साधनाच्या आईच्या, नंदाबाईच्या हाताला धर नाही. बाईच्या हातून भांडं सुटणार म्हणजे सुटणारच. नंदाबाई वारली तेव्हासुद्धा दहाव्याला कुणीतरी तोच विषय काढून हसलं. आई आणि ती, दोघी या गोष्टीबद्दल कधी एक शब्द बोलल्या नाहीत. आईला एक ते शंभर अंक वाचता येत नव्हते, पण पोरीच्या गप्प बसण्याचे प्रकार तिला ओळखता येत होते. आज पटांगणावर ती शांतता पसरली तेव्हा साधनाचे कान, तिच्या नकळत, कुठूनतरी भांडं पडायची वाट बघत होते.

पाढे तिला कधीच आले नाहीत. पण ते न येताही गणित येतं हा शोध तिला नववीत लागला, भूमितीच्या तासाला. प्रमेयात काही आठवायचं नसतं. एक ओळ खरी असली की तिच्या पोटातून दुसरी निघते, दुसरीतून तिसरी, आणि विसरलं तरी घाबरायचं कारण नाही, परत वरच्या ओळीवर जायचं, ती तिथंच असते, कागदावर, कुणी पळवून नेत नाही. तिला रडूच आलं होतं. त्यानंतर तिनं सगळं गणित असंच केलं. जे पाठ नाही ते बांधून काढायचं, आणि इतक्या जल्दी बांधायचं की समोरच्याला वाटावं पाठ आहे. पाचाचे आणि दहाचे पाढे तेवढे तिच्याकडे टिकले होते, बाकी सगळं त्या दोन खांबांवर. अशी ती बी.एस्सी. झाली, बी.एड. झाली, या शाळेत लागली, आणि इतकी वर्षं रोज फळ्यासमोर उभं राहून हजारदा बांधलं, एकदाही कुणाला पत्ता लागला नाही. नवऱ्याला, भारतलासुद्धा नाही. ही लपवाछपवी आहे असं तिला कधी वाटलं नव्हतं. आज वाटत होतं. आज वाटत होतं की आपण आयुष्यभर एका घरात भाड्यानं राहत होतो आणि मालक अचानक दारात येऊन उभा राहिला.

घरी भारत आधीच आला होता. तो अंबडच्या कोर्टात कारकून होता, रोज एस.टी.नं जाऊन येऊन करायचा, आणि त्याला पक्षकारांची नावंच काय, तारखासुद्धा तोंडपाठ असायच्या. तिनं सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण भाकरी थापता थापता सांगून टाकलं. थोडंसंच, अध्यक्षांनी विचारलं, पटकन आठवलं नाही, पोरं हसली. भारतनं मोबाइलवरून नजरही काढली नाही. "तेवीस साते? एकशे एकसष्ट. त्यात काय हाये?" मग भाकरी थापायचा आवाज थांबला हे त्याच्या लक्षात आलं आणि तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "अगं, दमली असशील. होतं." परत तेच. होतं. राजानंद सरही होतं म्हणाले होते. तिला वाटलं, ओरडून सांगावं की होत नाही, असतं. हे रोज असतं, तुमच्याशी लग्न लागताना असतं, भाजी घेताना असतं, आत्ता या भाकरीच्या पिठात हात असतानाही आहे. ती म्हणाली, "ताट घ्या वाढून."

छकुली तिला यंदाच्या जूनमध्ये सापडली होती. सापडली हाच शब्द खरा. सातवीच्या नव्या वर्गावर साधना पहिल्यांदा गेली, फळ्यावर अपूर्णांकांची बेरीज लिहिली, आणि खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावरची बारीकशी पोरगी तिला दिसली. पोरगी फळ्याकडे बघत नव्हती. डोळे वर छताच्या कोपऱ्यात लावून, ओठ अर्धे उघडे ठेवून ती काहीतरी धरून ठेवत होती, आणि ते सुटत होतं. आपला चेहरा आपल्याला कधी दिसत नाही. तो साधनाला त्या दिवशी दिसला. पुढच्या काही दिवसांत तिनं पोरीला पारखलं. दोन वस्तू आणायला सांगितल्या तर एकच घेऊन यायची आणि दारात उभी राहून पायाच्या अंगठ्यानं फरशी कुरतडायची. पण छेद सारखे का करायचे असं विचारलं तर म्हणाली, "येकाचे तुकडे ल्हान, येकाचे मोठे, मंग बराबर मोजायचे कसे? आधी सारके कापून घ्यावं लागंल ना." साऱ्या वर्गात हे कुणी सांगितलं नव्हतं. बाकीच्यांना छेद सारखे करता येत होते, का करायचे ते ठाऊक नव्हतं. हिला का ते ठाऊक होतं आणि करता करता लसावि शोधायला गेली की कशासाठी गेलो तेच हरवायचं. मग साधनानं कार्ड केलं. कागदाची अशी घडी घालायला शिकवलं की एका वेळी एकच गणित डोळ्यासमोर राहील. एका श्वासात दोन सूचना द्यायच्या नाहीत असा स्वतःला दंडक घातला. गणिताच्या पायऱ्या फळ्याच्या कडेला लिहून ठेवायची आणि पुसायची नाही. बोलत बोलत सोडवायची मुभा दिली. वर्गाला सांगितलं, ज्याला पाहिजे त्यानं कार्ड घ्यावं, काहींनी घेतलंही. पोरगी सोडवायला लागली. चाचणीत तिला चांगले गुण पडले तेव्हा तिनं पेपर दोन्ही हातांत धरून असा पाहिला, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता आणि चुकून तिच्याकडे आला होता.

आणि त्याच दिवशी साधनानं ती गोष्ट केली, जी करायला नको होती. वर्ग रिकामा झाला होता, छकुली दप्तर भरत होती, आणि भरता भरता म्हणाली, "मॅडम, माझ्या डोक्यात भोक हाये का? मम्मी म्हणती हाये." साधना तिच्या शेजारी बाकावर बसली. "असलं तर माझ्या बी डोक्यात आहे," ती म्हणाली. "मला बी पाढे येत न्हाईत, छकुली." पोरगी आधी हसली, मॅडम गंमत करून राह्यल्या असं वाटून. मग तिनं साधनाच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसायची थांबली. "खरंच?" "खरंच. मी बांधते. तू बांधतेस तसंच." साधनाचं अंग त्यानंतर इतकं हलकं झालं होतं की घरी जाताना तिनं उगाचच जिलेबी घेतली. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी ठाऊक झालं होतं. ती पोरीला धीर देत होती हे खरं. पण आता रात्रंदिवस ते आठवताना तिला दुसरंही दिसत होतं, की तिला सोबत हवी होती, आणि सोबत म्हणून तिनं एक बारा वर्षांची पोर निवडली, जिच्याजवळ कोणतीही गोष्ट टिकत नाही असं तिनंच ठरवलं होतं.

परिपाठाच्या त्या प्रकारानंतरच्या सोमवारी छकुलीची आई, साखराबाई, शाळेत आली. ती मोंढ्यात धान्य निवडायला जायची. डोक्यावरच्या पदरावर अजून भुसा होता. राजानंद सरांनी साधनाला बोलावून घेतलं. सातवीला गणित शिकवणारे दुसरे शिक्षक, धर्मराज सर, आधीच तिथं बसलेले होते. साखराबाई खुर्चीवर बसली नव्हती. तिनं साधनाला पाहिलं आणि तिच्या आवाजात राग होता त्यापेक्षा जास्त घाबरणं होतं.

"मॅडम, पोरं चिडवून राह्यले माझ्या पोरीला. कार्डवाली मॅडम, कार्डवाली पोरगी. घरी आली आन् रडली. मी म्हनलं, रडू नको, पाढे पाठ कर, मॅडमचं काय घिऊन बसली. तर मला काय म्हनती माहितीय का?" ती राजानंद सरांकडे वळली. "म्हनती, मॅडमलाच पाढे येत न्हाईत, मॅडमनी सोता सांगितलं मला. आवं, असं सांगतेत का लेकराला? मास्तरनीच म्हनली मला येत न्हाई, तर लेकरू कशाला शिकंल?"

खोलीत पंखा फिरत होता. धर्मराज सर खाली बघायला लागले. बिचारे दुसऱ्याची लाज बघू शकत नसत. राजानंद सर म्हणाले, "मॅडम, असं काही म्हणाला होता तुम्ही?"

नाही म्हणता आलं असतं. पोरीला लक्षात राहत नाही, ती चुकीचं सांगत असेल, असं म्हटलं असतं तर तिथं सगळ्यांनी विश्वास ठेवला असता. साखराबाईनंसुद्धा. शब्द साधनाच्या जिभेवर आले होते. "हो," ती म्हणाली. "म्हणाले होते. खरं आहे ते."

साखराबाईनं तोंडाला पदर लावला. तिला बहुधा वाटलं होतं की मॅडम नाकारतील, आणि नाकारलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. "मंग तुमी तिला तुमच्यासारखंच केलं," ती हळू म्हणाली. "तुमचं भागलं मॅडम. तुमी शिकल्या, नोकरी हाये, मानूस हाये. माझ्या पोरीचं कसं भागंल?"

याला साधनाकडे उत्तर होतं. ते लांब होतं, पायऱ्यापायऱ्यांचं होतं, एकातून एक निघणारं होतं. आणि ती ते बांधेपर्यंत साखराबाई निघून गेली होती. मग राजानंद सरांनी चहा मागवला. चहा मागवला म्हणजे काय ते साधनाला कळलं. वरून फोन होता, म्हणाले. पालकांत चर्चा आहे. सातवीचं गणित आता सगळं धर्मराज सरांकडे. साधनानं कार्यानुभव, चित्रकला आणि वाचनालय बघावं, तूर्त. धर्मराज सर दाराबाहेर तिच्यामागे आले. "मॅडम, मी मागितलं न्हाई हां हे. देवाशपथ." तिनं मान हलवली. त्यांनी मागितलं नव्हतं हे खरंच होतं. पाढे म्हणजे पाया, यावर त्यांची श्रद्धा होती. श्रद्धा असलेल्या माणसाला काही मागावं लागत नाही.

वाचनालय सातवीच्या वर्गाला लागून होतं. मधली भिंत अर्ध्या विटेची. रोज तिसऱ्या तासाला भिंतीपलीकडून पाढे सुरू व्हायचे. धर्मराज सरांचा गळा गोड होता, ते भजनाच्या चालीवर म्हणून घ्यायचे, पोरं टाळ्यांचा ठेका धरायची. वर्ग आनंदात होता, हे भिंतीतून कळायचं. साधना पुस्तकांवरची धूळ पुसत त्या साठ आवाजांत एक आवाज शोधायची. सुरुवातीला तो नसायचाच. मग तो मागून, अर्ध्या शब्दानं यायला लागला, मग बरोबरीनं, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर तो सगळ्यांच्या पुढे असायचा. साधनाला आनंद व्हायला हवा होता. तिनं आनंद व्हावा म्हणून वाट पाहिली. त्याऐवजी तिला जे झालं ते तिनं नीट पाहिलं तेव्हा तो मत्सर निघाला, कडू, पित्तासारखा. पोरीला येतंय. मग आपल्याला का नाही आलं? म्हणजे काकासाहेब बरोबर होते? नंदाबाईनं भांडी पाडली नसती, कुणी वेळेवर कान पिळला असता, तर आलं असतं? तिनं एकदा कपाटाआड उभं राहून, भिंतीपलीकडच्या ठेक्यावर, ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं. चौथ्या ओळीला ती बांधायला लागली आणि ठेका पुढे निघून गेला.

स्नेहसंमेलनात पाढे पाठांतराची स्पर्धा झाली. अध्यक्षांच्या हस्ते बक्षीस. छकुलीनं एकोणतीसपर्यंत म्हटले, न थांबता, डोळे मिटून, दोन्ही मुठी फ्रॉकच्या बाजूला घट्ट आवळून. प्रेक्षकांत साखराबाई होती, आणि कारखान्यातून सुट्टी काढून रायभान आला होता. पोरीचं नाव पुकारलं तेव्हा तो उभाच राहिला आणि कितीतरी वेळ बसला नाही. त्याचा भट्टीनं रापलेला चेहरा साधनानं पाहिला आणि तिलाही टाळ्या वाजवाव्या लागल्या. खोट्या नव्हत्या त्या. राजानंद सर माइकवरून म्हणाले की या विद्यार्थिनीला काहीच लक्षात राहत नाही असं आपल्यापैकीच काहींचं मत होतं. कुणी वळून पाहिलं नाही. सगळ्यांनी न वळता पाहिलं.

जानेवारीत एके दिवशी दुपारी छकुली वाचनालयात आली. एकटीच. तिला वर्गाबाहेर काढलं होतं की ती स्वतःच आली होती, ते तिनं सांगितलं नाही. हातात गणिताची उत्तरपत्रिका होती आणि ती तिनं टेबलावर पालथी ठेवली. साधनानं सुलटी केली. शाब्दिक उदाहरणं सगळी कोरी होती. अपूर्णांकांच्या बेरजेत तिनं वरचे अंश वरच्यांत आणि खालचे छेद खालच्यांत मिळवले होते. एकदा नाही, प्रत्येक वेळी.

"छेद सारखे करायचे राहिले का गं?" साधना शक्य तितक्या साध्या आवाजात म्हणाली.

"कशाला करायचे?" छकुलीनं विचारलं. तिला खरंच माहीत नव्हतं. सारखे तुकडे, मोठे तुकडे, तिच्या तोंडचं ते सगळं कुठंतरी निघून गेलं होतं, आणि गेलंय हेही तिला ठाऊक नव्हतं.

साधनानं वेगळ्या बाजूनं हात घातला. "बरं, सोड. सतरा सक किती?" पोरीनं लगेच डोळे मिटले, मुठी आवळल्या आणि पहिल्यापासून सुरू केलं, सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, त्याच चालीवर, टाळीचा ठेका पायानं धरत. ती सहापाशी आली आणि न थांबता पुढे गेली, कारण थांबायला तिला शिकवलंच नव्हतं. दहापर्यंत जाऊन डोळे उघडले आणि साधनाकडे अपेक्षेनं पाहिलं. विचारलं काय होतं ते विसरली होती. दहा सक किती, सात सक किती, बांध ना गं, असं साधनाच्या घशाशी आलं. पण ते बोलायचा अधिकार आता तिच्याकडे नव्हता, आणि त्याहून वाईट, बोलून उपयोग होईल अशी खात्रीही उरली नव्हती.

छकुली खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसली. जवळून पाहिल्यावर साधनाला तिच्या डाव्या कानाची पाळी दिसली. पुन्हा पुन्हा पिळल्यासारखी सुजून लाल झालेली, मागे नखाच्या ओरखड्यावर खपली धरलेली. पोरगी तिच्याकडे बघत होती, आणि त्या बघण्यात काय आहे ते साधनाला आधी कळलं नाही. मग कळलं. कणव होती. मोठ्या माणसाची, कळकळीची.

"मॅडम, तुमी बी पाठ करा ना," छकुली म्हणाली. "रोज थोडं थोडं. येतंय. मला आले तर तुमाला तर येतेलच." आणि दाराकडे एकदा बघून तिनं आवाज अजून खाली आणला. "कुनाला सांगनार न्हाई मी. म्हना माझ्या मागं. सतरा एके सतरा."

नको म्हणणं शक्य नव्हतं. पोर देत होती ते तिच्याकडचं सगळ्यात मोठं देणं होतं, ते मिळवायला तिनं काय काय दिलं होतं ते कानाच्या पाळीवर लिहिलेलं होतं. "सतरा एके सतरा," साधना म्हणाली. "सतरा दुणे चौतीस." बाहेर दुसऱ्या कुठल्याशा वर्गाचा गलका चालला होता. "सतरा त्रिक एकावन्न." चाळीस वर्षांची बाई आणि बारा वर्षांची पोरगी, दोघी पुस्तकांच्या कपाटांमधे पुटपुटत होत्या, आणि छकुलीचा चेहरा फुलत चालला होता, "आता येकटीनं म्हना," ती म्हणाली, आणि साधनानं एकटीनं सुरू केलं. चारपर्यंत गेली. पाचला गेली. सहाला अडखळली, निघाली. सातला, ती टाळायचं म्हणत असतानाही, तिचं मन दहाच्या खांबाकडे वळलं, सत्तर, आणि सात साते एकोणपन्नास, आणि सत्तर कुठं ठेवले ते शोधेपर्यंत ती गप्प झाली. गप्प बसणं लांबलं.

छकुलीचा हात उठला. तिच्या मनात काही नव्हतं, ती अजून हसतच होती. हात आपला आपणच उठला, दोन बोटं आणि अंगठा चिमटीसारखे जुळलेले, आणि साधनाच्या कानापाशी येऊन हवेत थांबला. पोरीनं आधी हाताकडे पाहिलं. मग मॅडमकडे. हसू तसंच तोंडावर राहिलं होतं, काढायला विसरल्यासारखं. साधना हलली नाही. आपण मान बाजूला घेतली तर पोरीला कळेल तिनं काय केलं, आणि नाही घेतली तर तो हात खाली कसा यायचा, हे तिला ठरवता येईना. ती तशीच बसून राहिली, कान पुढे करून, डोळे मिटून.